पाहणे आणि ओळखणे

आमच्या टेबलावर गेले काही महिने एक छायाचित्र पडून आहे. भेटीस येणारे लोक ते उचलतात, उलटसुलट करून पाहतात आणि बहुधा “फादर, हे काय आहे?” असे विचारून पुन्हा जागेवर ठेवतात. करड्या आणि काळ्या छटांचे ते चित्र पाहून एका आजीबाईंना ओहोटीनंतरचा खाडीतला चिखल आठवला. एका मुलाला तो चंद्राचा पृष्ठभाग वाटला. चित्राच्या मधोमध एक लहानशी आकृती आहे: सरळ दांडा, त्याच्या एका टोकाला फुगीर गोल, आणि दांड्याच्या आत शिवणीच्या टाक्यांसारखी बारीक रेघांची ओळ. टेनिस खेळण्याची रॅकेट कोणी मैदानावर विसरून जावे, तशी ती तेथे पडलेली दिसते.

हे चित्र माणसाच्या त्वचेतील एका प्रतिकारपेशीच्या अंतर्भागाचे आहे आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्राने घेतलेले आहे. आमच्या युवकांपुढे व्याख्यान देण्यासाठी एक पॅथॉलॉजीचे डॉक्टर आले होते. त्यांनी ते दाखविले आणि जाताना आमच्या विनंतीवरून ठेवून गेले. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, “डॉक्टर, ती रॅकेट करते तरी काय?” डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ती दिसली त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. आजही आपल्याला सगळे ठाऊक आहे असे मी म्हणणार नाही.” मुलगा हिरमुसला. आम्ही मात्र त्या उत्तराने अस्वस्थ झालो. एखादी वस्तू इतक्या स्पष्टपणे दिसावी, तिच्या शिवणीचे टाकेसुद्धा मोजता यावेत, आणि तरीही ती काय आहे हे सांगता येऊ नये! मग दिसले म्हणजे नेमके काय झाले? आणि दिसण्याच्या बळावर निवाडा करण्याचा अधिकार कितपत पोहोचतो? हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा आहे असे आम्हांस वाटत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी यंत्राविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. आपल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश वापरतात. प्रकाशाच्या लहरींना स्वतःचीच एक लांबी असल्यामुळे सुमारे दोनशे नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी त्या वेगळ्या दाखवू शकत नाहीत. भिंग कितीही चांगले घासले तरी त्याचा उपयोग नसतो. आमच्या चित्रातील रॅकेटच्या दांड्याची जाडी आहे साधारण तेहेतीस नॅनोमीटर. असे तीन हजार दांडे एकावर एक रचावेत तेव्हा कोठे वहीच्या एका पानाएवढी जाडी होईल. १९३१ साली बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारे पहिले यंत्र उभे केले, आणि ही मर्यादा हळूहळू मागे पडली. रुस्का यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र १९८६ साली, पंचावन्न वर्षांनी.

या यंत्राची एक अट आहे, आणि आमच्या मते सगळ्या प्रश्नाची मेख तेथेच आहे. जिवंत पेशी या यंत्रात पाहता येत नाही. इलेक्ट्रॉनांचा झोत हवेत विखुरतो, म्हणून यंत्रातील हवा काढून घ्यावी लागते. निर्वात जागेत पाणी पाण्याच्या रूपात राहत नाही, आणि पेशी तर बहुतांशी पाणीच असते. म्हणून त्वचेचा तीळभर तुकडा काढून प्रथम रसायनात बुडवितात. त्या क्षणी पेशीतील सगळी ये-जा जागच्या जागी थिजते. मग ऑस्मियम नावाच्या जड धातूचे संयुग देतात, ते पेशीतील स्निग्ध पडद्यांना चिकटून त्यांना काळे करते. त्यानंतर अल्कोहोलने पायरीपायरीने सगळे पाणी काढून घेतात आणि त्या जागी पातळ राळ भरून ती भट्टीत घट्ट करतात. आता पेशी एखाद्या काचेच्या गोटीत अडकल्यासारखी झालेली असते. त्या गोटीचे हिऱ्याच्या सुरीने काप काढतात. प्रत्येक काप साठ-सत्तर नॅनोमीटर जाडीचा असतो. सुरीमागे ठेवलेल्या पाण्यावर हे काप रुपेरी-सोनेरी झाक मारीत तरंगतात. ते तांब्याच्या इवल्याशा जाळीवर उचलून युरेनियम आणि शिसे यांच्या क्षारांनी पुन्हा रंगवितात आणि मग यंत्रात ठेवतात. रंगविणे म्हणावयाचे एवढेच, कारण चित्रात रंग कोणताच नसतो. जेथे धातू बसला तेथे काळे आणि जेथे बसला नाही तेथे फिकट, इतकेच त्याचे सांगणे.

दहा मायक्रोमीटर रुंदीच्या एका पेशीचे असे सुमारे दीडशे काप होतात. आमच्या टेबलावर आहे तो त्यांपैकी एक.

आता त्या पेशीची कथा. १८६८ साली पाऊल लँगरहान्स नावाचा वैद्यकाचा तरुण विद्यार्थी बर्लिनमध्ये माणसाच्या त्वचेवर सोन्याच्या क्षाराचा प्रयोग करीत होता. त्याला त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. सोन्याचा हा क्षार मज्जातंतू रंगविण्यासाठी वापरला जाई, आणि पेशींना फांद्याही होत्या. तेव्हा या मज्जासंस्थेच्याच पेशी, असा निष्कर्ष त्याने काढला. तो चुकीचा होता. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातील पेशींचे लहान पुंजके वर्णिले, पण ते काय करतात याविषयी त्याने काहीही दावा केला नाही. आज मधुमेहाच्या संदर्भात ज्यांना आपण लँगरहान्सची बेटे म्हणतो ते हेच पुंजके. एकाच तरुणाने दोन गोष्टी पाहिल्या, एकीचा अर्थ चुकीचा लावला आणि दुसरीचा लावलाच नाही. पुढे क्षयाने त्याचे करिअर मोडले. हवापालटासाठी तो मदेइरा बेटावर गेला, आणि १८८८ साली एक्केचाळिसाव्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी तेथेच वारला.

नंतर जवळजवळ शतकभर या पेशी पोरक्या राहिल्या. त्या झिजलेल्या, निकामी झालेल्या रंगपेशी असाव्यात असे पुष्कळांचे मत झाले. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी म्हाताऱ्या होतात आणि वर सरकत मरतात, अशी कल्पना होती. १९६१ साली लंडनमधील मायकेल बर्बेक यांनी ब्रेथनॅक आणि एव्हरॉल या सहकाऱ्यांसह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पुढचा प्रश्न रंगपेशींचाच होता, म्हणून त्यांनी तपासली ती कोड असलेल्या माणसांची त्वचा. ज्या त्वचेतून रंग निघून गेलेला आहे तेथे रंगपेशींचे काय झाले हे त्यांना पाहावयाचे होते. शोध कशाचा चालला होता आणि सापडले काय! लँगरहान्सच्या पेशींत त्यांना ती रॅकेट दिसली. दुसऱ्या कोणत्याही पेशीत ती दिसत नव्हती. तिला पुढे बर्बेक यांचे नाव मिळाले. इंग्रजीत तिला कण म्हणतात, आम्हीही कणच म्हणू.

पण ती रॅकेट तरी खरोखर होती काय? काही वर्षांतच संशोधकांनी एकापुढचा एक असे सलग काप घेऊन ते एकमेकांवर रचले आणि कणाचा घन आकार उभा केला. तेव्हा दिसले की दांडा हा दांडा नव्हेच. ती एक चपटी चकती आहे, कधी सपाट, कधी वाटीसारखी वाकलेली, आणि तिच्या कडेला फुगा. जेवणाची थाळी मधोमध कापून तिच्या कडेकडे पाहिले तर पातळ काठीच दिसणार. म्हणजे सगळ्या जगाने पाठ केलेली रॅकेट सुरीने घडविलेली होती. चित्र खोटे नव्हते, त्या प्रतलात ती आकृती नक्कीच होती. परंतु पेशीच्या ठिकाणी रॅकेट कधीच नव्हती.

दुसरा वाद अधिक चिवट निघाला. कित्येक चित्रांत हा कण पेशीच्या बाहेरच्या पडद्याला जोडलेला दिसे. एक पक्ष म्हणाला, पेशी बाहेरचे काहीतरी आत घेत आहे. दुसरा म्हणाला, छे, आत तयार झालेला माल ती बाहेर टाकीत आहे. पुरावा म्हणून दोन्ही पक्ष पुढे करीत ती चित्रे एकाच जातीची. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र काढले तर तो घरात येत आहे की घराबाहेर पडत आहे, हे त्या छायाचित्रावरून कसे ठरवावे? चित्र जितके सुस्पष्ट तितका हा पेच अधिक ठळक होतो.

सेमिनरीत असताना आम्हांला तत्त्वज्ञान शिकविणारे एक वृद्ध गुरुजन होते. वस्तूचे ज्ञान म्हणजे चार प्रश्नांची उत्तरे, हे अॅरिस्टॉटलचे सूत्र ते आमच्याकडून घोकून घेत: ती कशाची बनली, तिचा आकार काय, ती कोणी वा कशाने घडविली, आणि ती कशासाठी आहे. परीक्षेपुरते आम्ही ते लिहिले आणि विसरलो. या कणाची कथा वाचताना ते पुन्हा आठवले. येथे आकार प्रथम हाती आला, नुसता आकार. बाकीच्या तीन प्रश्नांना चाळीस-चाळीस वर्षे उत्तर नव्हते. संत थॉमस अक्वायनस यांची एक शिकवणही तेव्हा आम्हांला रुक्ष वाटली होती: इंद्रिय आपल्या विषयाबाबत सहसा फसत नाही, सत्य आणि असत्य यांचा प्रश्न उद्भवतो तो बुद्धी ‘हे अमुक आहे’ असे म्हणते तेव्हा. लँगरहान्सचे डोळे चुकले नाहीत. त्याला फांद्या दिसल्या, आणि फांद्या होत्याच.

ही पेशी खरोखर कोण, हे चित्रांच्या जोडीला इतर मार्गांनी कळत गेले. १९६८ साली ब्रेथनॅक यांनीच सहकाऱ्यांसह उंदरांवरील प्रयोगात दाखविले की ज्या भ्रूणऊतकातून रंगपेशी जन्मतात ते काढून टाकले तरी त्वचेत लँगरहान्स पेशी येतातच. ज्या पेशीला रंगपेशीची आप्त समजत होते तिचे कूळच वेगळे निघाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिचे नाते अस्थिमज्जेशी आणि रक्तातील पेशींशी जुळले. त्याच दशकात, १९७३ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन यांनी झान्व्हिल कोन यांच्यासमवेत उंदराच्या प्लीहेत फांद्यांच्या प्रतिकारपेशी शोधल्या, आणि लँगरहान्स पेशी याच गोत्रातील, हे पुढे स्पष्ट झाले. (स्टाइनमन यांची हकीकत विलक्षण आहे. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आणि स्वतःच शोधलेल्या पेशींवर आधारलेले उपचार त्यांनी स्वतःवर करून घेतले. २०११ साली त्यांना नोबेल जाहीर झाले तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते, आणि हे समितीला ठाऊक नव्हते. मृताला पारितोषिक देत नाहीत, पण ते कायम ठेवण्यात आले.)

मग या पेशीचे काम काय? त्वचेच्या वरच्या थरातील शंभर पेशींत या तीन-चार असतात. आपल्या फांद्या पसरून त्या शेजारच्या पेशींच्या फटींतून वावरतात, बाहेरून आलेल्या परक्या पदार्थाचा अंश उचलतात, मग त्वचा सोडून जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तो अंश टी-पेशींपुढे धरतात. हल्ला करावयाचा की सोडून द्यावयाचे हे तेथे ठरते. थोडक्यात, पाहणे आणि ओळख पटवून देणे हेच या पेशीचे जीवितकार्य आहे.

आणि कण? २००० साली फ्रान्समध्ये संशोधकांना या पेशींवर एक प्रथिन सापडले, त्याचे नाव लँगरिन. हे प्रथिन घडविणारे जनुक त्यांनी दुसऱ्याच एका साध्या पेशीत घातले, तेव्हा त्या पेशीतही बर्बेक कण तयार झाले! लँगरिन बाहेरच्या वस्तूला धरते, आत ओढते, आणि ओढता ओढता पडदे एकमेकांना चिकटवून ती चकती घडविते. निदान या मार्गाने तरी उंबऱ्यावरचा माणूस घरात येत होता, हे असे ठरले. २००७ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखविले की एड्सचा विषाणू लँगरिनच्या हाती लागला तर तो या कणांत नेला जातो आणि तेथे नष्ट होतो. विषाणूंची संख्या फार मोठी असेल तर ही तटबंदी अपुरी पडते, हेही त्यांनी सांगितले. २०२२ साली जपानी संशोधकांनी असे कण राळेत न घालता क्षणार्धात गोठवून, बर्फाच्या पातळ पापुद्र्यात पाहिले, तेव्हा आतील लँगरिनची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वीण दिसली. १९६१ साली दिसलेल्या शिवणीच्या टाक्यांचा अर्थ एकसष्ट वर्षांनी लागला.

येथेच कथा संपली असती तर ती विज्ञानाच्या विजयाची कथा म्हणून सांगता आली असती. पण दोन गोष्टी आम्हांला पुढे जाऊ देत नाहीत.

पहिली अशी. लहान मुलांना अधिक प्रमाणात होणारा एक दुर्मीळ विकार आहे. त्यात हाडांना खड्डे पडतात, अंगावर पुरळ येते, कधी यकृत आणि फुप्फुसेही ग्रासली जातात. १९५३ साली त्याला ‘हिस्टिओसायटोसिस एक्स’ असे नाव दिले गेले. ‘एक्स’ म्हणजे अज्ञात. साठच्या दशकात फ्रेंच संशोधकांना या रोगाच्या पेशींत बर्बेक कण दिसले, आणि पुढे अज्ञाताच्या जागी लँगरहान्स यांचे नाव आले. १९८७ साली तज्ज्ञांनी जे निकष ठरविले त्यांत निश्चित निदानाची एक खूण होती ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा हा कण. म्हणजे ज्याचे कार्य कोणालाही ठाऊक नव्हते त्याच्या असण्यावरून एखाद्या बालकाच्या आईबापांना काय सांगावयाचे हे ठरत होते. आणि ते योग्यच होते, असे आम्ही म्हणू. खूण म्हणून तो कण विश्वासार्ह होता, आणि खुणेने वागण्यासाठी खुणेचे सगळे मर्म कळले पाहिजे असे नाही. आज ते काम बहुतांशी सोप्या रंजनचाचण्यांनी होते. त्यांपैकी एक लँगरिनचीच आहे.

पण दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. १९९४ साली नेदरलँड्समधील संशोधकांना एक अशी व्यक्ती आढळली जिच्या लँगरहान्स पेशींत बर्बेक कण मुळी नव्हतेच. तीस वर्षे सगळ्या पाठ्यपुस्तकांत लिहिले होते की हा कण हीच या पेशीची ओळख. त्या नियमाने त्या व्यक्तीच्या त्वचेत एकही लँगरहान्स पेशी नाही असे म्हणावे लागले असते. प्रत्यक्षात पेशी होत्या आणि प्रतिकाराचे आपले काम करीत होत्या. २००५ साली कारण कळले: लँगरिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल. ज्याला आपण सार समजलो होतो ते चिन्ह होते. चिन्ह असले की वस्तू आहे असे म्हणता येते, पण चिन्ह नसले म्हणजे वस्तू नाही, किंवा चिन्ह हेच वस्तूचे सर्वस्व, असे म्हणता येत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा हा धडा आहे, आणि शहाणी माणसे तो रोज विसरतात.

एकदा आम्ही डॉक्टरांना सहज विचारले, “बर्बेकसाहेबांनी ज्यांची त्वचा तपासली ती माणसे कोण होती?” ते म्हणाले, “फादर, ते कधी मनातही आले नाही.” पेशीला एकाचे नाव आहे, कणाला दुसऱ्याचे. ज्यांनी बाही वर करून त्वचेचा तुकडा दिला त्यांना नाव नाही. रुग्णाची ओळख गुप्त राखावी हा वैद्यकाचा धर्म आहे, त्यामुळे तक्रार करण्याजोगे यात काही नाही. तरीही दरवर्षी नोव्हेंबरमध्ये मृतांच्या नावांची यादी वेदीजवळ ठेवली जाते तेव्हा हल्ली आम्हांला त्यांची आठवण होते. अंगावरचा पांढरा डाग त्यांनी आयुष्यभर कसा वागविला असेल, त्यांच्याकडे लोकांनी कसे पाहिले असेल, हे कोणत्याही कापात दिसणार नव्हते.

आता आमच्या अस्वस्थतेचे कारण सांगितले पाहिजे. १९९९ सालची गोष्ट. आम्हांला दीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते, आणि एका मोठ्या धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो. मुख्य धर्मगुरू परगावी गेलेले असताना एका संध्याकाळी मुलाकडची दोन वडीलधारी माणसे आली. लग्न ठरले होते, तारीखही बोलून ठेवली होती. त्यांनी आवाज खाली केला. “फादर, मुलीच्या अंगावर डाग आहेत असे ऐकतो. पांढरे. तुम्ही काय सांगता?” आपल्या मराठीत कोडाला श्वेतकुष्ठ असाही एक शब्द आहे. त्यांच्यापैकी एकाने तोच वापरला. कोडाचा आणि कुष्ठाचा काडीचा संबंध नाही, कोड स्पर्शाने पसरत नाही, हे आम्हांला तेव्हाही पुस्तकातून ठाऊक होते. ते आम्ही सांगावयास हवे होते. त्याऐवजी आम्ही म्हणालो, “पुढे मुलाबाळांचा प्रश्न आहे. घाई करू नका, नीट विचार करा.” त्या वेळी हे बोलणे आम्हांला समंजसपणाचे वाटले. पंधरवड्यात ते लग्न मोडले. लोक म्हणाले, फादरांनीसुद्धा विचार करा म्हणून सांगितले होते.

जुन्या करारातील लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आपल्यापैकी फार थोड्यांनी पूर्ण वाचला असेल. रविवारच्या वाचनात त्याचा लहानसा अंश येतो आणि लोक तो अवघडून ऐकतात. अंगावर डाग उठलेल्या माणसाला याजकाकडे आणावे आणि याजकाने पाहावे, असे तेथे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तेथील मूळ हिब्रू शब्द आजच्या कुष्ठरोगाचा नव्हे, कारण तो कापडावरील आणि घराच्या भिंतीवरील डागांनाही लावलेला आहे. भाषांतरांतून तो कुष्ठ झाला आणि त्याचे दुःख शतकानुशतके माणसांनी भोगले. बहिष्काराचा कठोरपणा त्या अध्यायात आहेच, तो आम्ही झाकू इच्छित नाही. परंतु त्यात आणखीही काही आहे. डाग संशयास्पद वाटला तर याजकाने लगेच निवाडा देऊ नये. सात दिवस थांबावे आणि पुन्हा पाहावे. तरीही स्पष्ट होत नसेल तर आणखी सात दिवस थांबून तिसऱ्यांदा पाहावे. आणि अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वचनांत स्त्री किंवा पुरुष यांच्या अंगावरच्या फिकट पांढऱ्या डागांचा स्वतंत्र उल्लेख आहे: ते माणूस शुद्ध आहे असे तेथे म्हटले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या याजकाला जो फरक करावयास सांगितला होता तो करण्याची आमची तयारी नव्हती.

कोड म्हणजे काय हे आज बरेच उलगडले आहे. शरीराच्याच टी-पेशी रंगपेशींना परके समजून त्यांच्यावर चालून जातात. त्वचेतून रंग जातो तो अशा एका चुकलेल्या ओळखीमुळे. ज्या संस्थेचे सारे काम आपले कोण आणि परके कोण हे पारखण्याचे, तिच्याच हातून हे घडते. पेशीला दोष देता येत नाही, तिला विवेक नाही. आम्हांला तो सबब म्हणून वापरता येणार नाही. आम्ही तर तत्त्वज्ञानाची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो होतो.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात अंत्यविधीसाठी गेलो असता त्या बाई आम्हांला भेटल्या. त्यांनीच ओळख दिली. आता त्या एका शाळेत शिकवितात. त्यांचे लग्न पुढे दुसरीकडे झाले, दोन मुली आहेत. डाग आता गळ्यापर्यंत आणि दोन्ही हातांवर पसरले आहेत आणि त्या ते झाकीत नाहीत. इतक्या वर्षांनी काय बोलावे हे न सुचून आम्ही सरळ त्यांची क्षमा मागितली. आम्ही एकदा तुमच्याविषयी फार वाईट निवाडा दिला, असे काहीसे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“फादर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही त्या वेळी मला पाहिलेच नव्हते. मी दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत होते.”

मग त्यांनी आपल्या धाकट्या मुलीला हाक मारून आमच्यापुढे उभे केले आणि तिचे नाव सांगितले.